स्वस्तातल्या रेसेस: खान्देशातून पहिल्यांदा बघायला निघणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत रेसिंगचा मोठा, पक्का ट्रॅक नाही. त्यामुळे इथल्या पोरांना रेस म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात: मोबाइलवर दिसणारी फॉर्म्युला वन, नाहीतर यात्रेतला मौत का कुआँ. पहिलीचा खर्च परवडत नाही आणि दुसऱ्याला कोणी खेळ म्हणायला तयार नाही. (मी म्हणतो. विहिरीच्या कडेला उभं राहून, पायाखालची फळी थरथरत असताना खालून वर चढत येणारी गाडी ज्याने बघितली, त्याला वेग काय असतो ते वेगळं सांगावं लागत नाही.)

या दोन टोकांच्या मधे मोठा पसारा आहे. मातीच्या ट्रॅकवरच्या बाइक रेसेस, घाटा-डोंगरातल्या कार रॅली, चिखलात रुतणाऱ्या जीप, ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घेण्याच्या स्पर्धा. बऱ्याच ठिकाणी तिकीटच नसतं. असलं तरी काही शे रुपयांत भागतं. ‘तिकीट कितलं शे?’ हा आपला पहिला प्रश्न असतो, पण खरा खर्च प्रवासाचा आणि मुक्कामाचा असतो, तोच आधी धरा. आणि माझं मत ठाम आहे: स्पर्धा जितकी लहान, तितकं प्रेक्षकाला जास्त दिसतं. मोठ्या सर्किटवर तुम्ही जाळीच्या पलीकडे लांब बसता. लहान स्पर्धेत रायडरचा क्लचवरचा हात दिसतो.

पहिली पायरी: सुरुवात मातीवरच्या बाइक रेसने करा

याला सुपरक्रॉस म्हणतात, जरा साध्या स्वरूपाला डर्ट ट्रॅक. मैदानात ट्रकने माती आणून टाकतात, जेसीबीने टेकाडं, उतार आणि आडवी-तिडवी वळणं बनवतात. अख्खा ट्रॅक एका जागेवरून दिसतो, एकेक रेस काही मिनिटांत संपते आणि दिवसभरात अनेक गटांच्या रेसेस होतात. नवख्या माणसाला कंटाळा यायला वेळच मिळत नाही. पुणे आणि नाशिक ही दोन्ही शहरं या खेळाची जुनी ठिकाणं. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तिथे परदेशी रायडरही उतरले. तो झगमगाटाचा प्रकार. पहिल्यांदा जायचं असेल तर मी त्याच्याऐवजी राष्ट्रीय स्पर्धेची एखादी साधी फेरी किंवा स्थानिक क्लबची रेस सुचवेन.

तिथे गटांची यादी वाचण्यातही मजा असते. परदेशी बनावटीच्या खास बाइकचा गट वेगळा, आपल्याकडे रोज रस्त्यावर दिसणाऱ्या बाइकचा वेगळा, नवशिक्यांचा वेगळा, लहान मुलांचा वेगळा. काही ठिकाणी चक्क स्कूटरचाही गट असतो. मावशी भाजी आणायला जाते तसली स्कूटर टेकाडावरून हवेत उडताना बघितली की बाकी सगळं विसरायला होतं.

आता काय बघायचं ते सांगतो, कारण पहिल्या तासात सगळंच नुसतं धूळ आणि आवाज वाटतं.

सुरुवात बघा. सगळे रायडर एका ओळीत उभे असतात. समोर लोखंडी गेट असेल तर ते पडायच्या आधीचे दोन-तीन सेकंद फक्त डाव्या हातांकडे लक्ष ठेवा: क्लच किंचित सुटलेला, मागचं चाक सुटायच्या बेतात, शरीर पुढे टाकीवर झुकलेलं. पहिल्या वळणातून जो सर्वांत आधी बाहेर पडतो त्याने ‘होलशॉट’ घेतला असं म्हणतात. त्याच्या तोंडावर माती नसते, मागच्या सगळ्यांच्या असते. म्हणून या एका वळणासाठी एवढी ढकलाढकली.

उडी बघताना गाडीचं नाक बघा. हवेत नाक वर जायला लागलं की रायडर मागचा ब्रेक दाबतो आणि नाक खाली येतं. नाक फार खाली गेलं तर ॲक्सिलरेटर देतो, नाक वर येतं. फिरणाऱ्या मागच्या चाकाचा हा खेळ आहे. जमिनीला टेकलेली नसतानाही गाडी चालवली जाते ती अशी. एकदा हे कळलं की उडीच्या उंचीपेक्षा उतरण्याकडे डोळे जातात. चांगला रायडर पुढच्या उतारावर अलगद उतरतो, आवाजही फारसा होत नाही. नवखा सपाटीवर धाडकन आपटतो आणि सस्पेन्शन तळाला लागल्याचा ठोका तुम्हाला दोरीपलीकडे ऐकू येतो.

त्यानंतर ‘व्हूप्स’पाशी जाऊन उभे राहा. एकामागे एक लहान उंचवट्यांची ती रांग असते. तयार रायडर वेग न सोडता उंचवट्यांच्या माथ्यामाथ्यावरून निघून जातो. कच्चा रायडर प्रत्येक खळग्यात पडत-उठत जातो. कोण खरा तयार आहे ते उडीपेक्षा इथे लवकर समजतं.

दुसरी पायरी: तारीख आणि परवाना तपासा

देशातल्या मोटरस्पोर्टची अधिकृत संघटना म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, सगळे एफएमएससीआय म्हणतात. त्यांच्या संकेतस्थळावर वर्षाचं वेळापत्रक असतं. ते बघा, पण त्यावर विसंबून आठ आठवडे आधी हॉटेलचे पैसे भरू नका. परवानगी, पाऊस, निवडणूक, प्रायोजक यातलं काहीही आडवं आलं की फेरी पुढे ढकलतात, कधी शहरही बदलतं. आयोजक क्लबचं इन्स्टाग्राम पान शेवटच्या आठवड्यात रोज बघायचं. आणि गावातल्या त्या एका मेकॅनिकला विचारायचं. तुम्हाला माहीत आहे मी कोणाबद्दल बोलतोय: प्रत्येक तालुक्याच्या गावाला एक असतो, जुन्या आरएक्स १०० घेऊन लोक ज्याच्याकडे लांबून येतात. त्याला रेसच्या तारखा वर्तमानपत्राच्या आधी कळतात.

परवान्याची चौकशी मात्र सोडू नका. परवाना असलेल्या स्पर्धेत ॲम्ब्युलन्स, डॉक्टर, मार्शल (झेंडे दाखवणारे, लोकांना दोरीमागे ठेवणारे) आणि विमा या गोष्टी असाव्याच लागतात. ‘हायवेवर रात्री रेस आहे, ये’ असा व्हॉट्सॲपवरचा निरोप म्हणजे मोटरस्पोर्ट नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे; पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिथे बघायलाही उभं राहू नये. गाडी घसरली की ती आधी बघ्यांच्या घोळक्यातच शिरते.

तिसरी पायरी: रॅली, आणि उभं कुठे राहायचं

माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी लोक बघतात असा प्रकार म्हणजे कार रॅली. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ राष्ट्रीय स्पर्धेची फेरी म्हणून नाशिकला झालेली आहे, दुचाकींच्या रॅलीही नाशिककडे झाल्यात. कोइमतूर, चिकमंगळूर, कोडगू ही दक्षिणेतली ठिकाणं तर ठरलेलीच. धुळ्याहून नाशिक दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. पहाटे मालेगावमार्गे निघालं तर दुपारच्या स्टेजला सहज पोचता येतं.

आधी पद्धत समजून घ्या, नाहीतर ‘एकच गाडी जाते, मग मिनिटभर काहीच नाही, ही कसली रेस’ असं वाटेल. रॅलीत गाड्या एकत्र सुटत नाहीत. बंद केलेल्या रस्त्याच्या एका तुकड्याला ‘स्पेशल स्टेज’ म्हणतात. त्यावर ठरावीक अंतराने एकेक गाडी सोडतात आणि जिचा सगळ्या स्टेजेसचा मिळून वेळ कमी ती जिंकते. एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजवर जाताना मात्र त्याच गाड्या साध्या रस्त्यावरून, सिग्नल पाळत, तुमच्या-आमच्यासारख्या जातात. ड्रायव्हरशेजारी बसलेला सहचालक वहीतून पुढचं वळण वाचून सांगत असतो. पुढे काय आहे हे डोळ्यांना दिसायच्या आधी कानांना कळतं, म्हणून टेकाडापलीकडे रस्ता दिसत नसतानाही पाय ॲक्सिलरेटरवरून उठत नाही.

रस्ता पहिली गाडी सुटायच्या बराच आधी बंद होतो. तुम्हाला त्याआधी आत पोचून, गाडी लांब लावून, पायी जागा धरायची असते. शून्य, दोन शून्य असे आकडे लिहिलेल्या गाड्या आधी जातात; त्या रस्ता मोकळा आहे का ते बघतात. त्या गेल्या की समजायचं, आता स्पर्धक येणार. सगळ्यांच्या शेवटी स्वीपर गाडी येते. ती जाईपर्यंत रस्त्यावर उतरायचं नाही. ‘बराच वेळ कोणी आलं नाही, संपलं वाटतं’ म्हणून उतरणारा माणूस सगळ्यात धोक्यात असतो, कारण मागे पडलेली एखादी गाडी अजून यायची असू शकते.

२०१९ मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ राष्ट्रीय रॅलीच्या चालू स्टेजवर एक मोटारसायकल शिरली आणि तिच्यावरचे एकाच कुटुंबातले तिघे जण गेले. रस्ता बंद आहे म्हणजे बंद आहे. ‘माझं शेत पलीकडे आहे, दोन मिनिटांत जातो’ हे आपल्याकडे हमखास ऐकू येणारं वाक्य तिथे चालत नाही. कोणी तसं म्हणताना दिसला तर त्याला तुम्हीच अडवा आणि मार्शलला हाक मारा.

जागा निवडताना तीन गोष्टी बघायच्या. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही नाही: टायर सुटला, ब्रेक चुकला की गाडी बाहेरच जाते. आतल्या बाजूला, तेही मागे आणि उंचावर. बांध, टेकाड, दगडी कडा असं काहीतरी तुमच्या आणि रस्त्याच्या मधे पाहिजे. लांब सरळ रस्ता जिथे संपतो तिथे समोर उभं राहणं म्हणजे मूर्खपणा. फोटो तिथूनच चांगला येतो, म्हणूनच तिथे गर्दी असते. आणि मागे पळायला वाट हवी. पाठीशी विहीर, काटेरी कुंपण किंवा खोल नाला असेल तर जागा बदला. मार्शलची शिट्टी वाजली की गाडी जवळ आली. त्या क्षणी मोबाइलच्या पडद्यात नाही, रस्त्याकडे बघत असलं पाहिजे. बसायचं नाही, उभं राहायचं. बसलेला माणूस उठेपर्यंत उशीर होतो.

स्टेजइतकंच, खरंतर जास्तच, बघण्यासारखं ठिकाण म्हणजे सर्व्हिस पार्क. बहुतेक रॅलींत इथे बिनातिकीट फिरता येतं. जमिनीवर ताडपत्री अंथरलेली, गाडी येते, चार जॅक लागतात आणि घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या मिनिटांत मेकॅनिक चाकं काढतात, सस्पेन्शनचे भाग बदलतात, कधी पूर्ण गिअरबॉक्स उतरवून दुसरा चढवतात. कोणी ओरडत नाही. पाना मागावा लागत नाही, हात पुढे गेला की त्यात पाना येतो. आपल्याकडचे गॅरेजवाले हे बघून घरी येतात ते दोन दिवस दुसरं बोलत नाहीत.

तिथल्याच वेळ-नियंत्रण फाटकापाशी, जिथे प्रत्येक गाडीने तिला ठरवून दिलेल्या मिनिटालाच पोचायचं असतं, एक विचित्र दृश्य दिसेल. घाई असलेल्या गाड्या फाटकाच्या अलीकडे चुपचाप थांबलेल्या, सहचालक घड्याळाकडे बघतोय. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार उशिराच्या प्रत्येक मिनिटाला दहा सेकंदांचा दंड, पण लवकर पोचलात तर प्रत्येक मिनिटाला पूर्ण एक मिनिटाचा. म्हणजे वेगाच्या खेळात वेळेआधी येणं उशिरा येण्याच्या सहापट महाग.

बाकीचे प्रकार, थोडक्यात

ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ धावपट्टीवर ४०२ मीटर, दोन गाड्या, संपलं. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ‘व्हॅली रन’मुळे महाराष्ट्रात याचं वेड बरंच पसरलं. महागड्या गाड्या एका जागी बघायच्या असतील तर जा. खेळ म्हणून मला त्यात दहा-बारा सेकंदांची मजा आणि बराच वेळ वाट बघणं एवढंच दिसतं. ज्याला इंजिन उघडून बघायची हौस आहे त्याचं मत वेगळं असेल.

चिखलातल्या जीपची हौस असेल तर पावसाळ्यात गोव्यात होणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज बघा. तिथे वेगाला किंमत नाही; विंचचा (गाडीला बसवलेल्या, दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचा) दोर झाडाला बांधून गाडी खड्ड्यातून काढणं हाच खेळ. गोवा एक्स्प्रेस भुसावळ-मनमाडमार्गे जाते, त्यामुळे जाणं अवघड नाही. भिजायची तयारी मात्र हवी.

ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्सच्या स्पर्धा महाराष्ट्रात गावोगावच्या यात्रांत, कृषिप्रदर्शनांत होतात आणि त्यांच्याकडे कोणी मोटरस्पोर्ट म्हणून बघत नाही, हा शुद्ध अन्याय आहे. आखलेल्या अरुंद वाटेने, रेषेला चाक न लावता, कमीत कमी वेळात ट्रॉली मागे न्यायची. दोनचाकी ट्रॉलीत स्टिअरिंग उलट फिरवायची सवय पुरते. चारचाकी ट्रॉलीला मात्र दोन सांधे असतात, ट्रॅक्टरचा एक आणि पुढच्या आसाचा एक, त्यामुळे ती सरळ मागे नेणाऱ्याला मी तरी कुठल्याही रॅली ड्रायव्हरच्या बरोबरीने मानतो. ऊस किंवा कापूस वाहणारी पोरं यात शहरी हौशी ड्रायव्हरांना सहज हरवतात.

एक खुलासा, कारण शिरपूर-धुळ्याकडचे लोक हमखास विचारतात: इंदूरजवळ पिथमपूरला जो प्रचंड ट्रॅक आहे, ११.३ किलोमीटरचा, तो गाड्यांच्या चाचणीसाठी आहे. २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हा बातम्या खूप आल्या. प्रेक्षक म्हणून तिथे जाऊन गेटवरून परत यावं लागेल.

चौथी पायरी: खऱ्या सर्किटवर जायचं तर चेन्नई

मातीच्या एक-दोन स्पर्धा बघून झाल्यावर डांबरी ट्रॅकची ओढ लागतेच. तेव्हा थेट दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटचा विचार करू नका. तिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन आणि २०२३ मध्ये मोटोजीपी ही बाइकची जागतिक स्पर्धा झाली, जागा भव्य आहे, पण ५.१२५ किलोमीटरच्या ट्रॅकवर स्वस्त तिकिटात एखाद-दुसरं वळण दिसतं.

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट १९९० पासून चालू आहे, लांबी ३.७१७ किलोमीटर. राष्ट्रीय मोटारसायकल आणि कार स्पर्धांच्या फेऱ्या इथे होतात आणि अशा फेऱ्यांना बऱ्याचदा प्रवेश मोफत असतो. शाळकरी वयाची मुलं गुडघा जमिनीला घासत वळताना दिसतात. फॉर्म्युला एलजीबी फोर नावाच्या उघड्या चाकांच्या गाड्या धावतात, त्यांच्यात मारुती स्विफ्टचं १३०० सीसीचं इंजिन असतं. म्हणजे लग्नाच्या वरातीत पुढे असते त्याच गाडीचं. सगळ्यांचं इंजिन एकच असल्याने पैशांपेक्षा ड्रायव्हर दिसतो, आणि गाड्या शेवटच्या वळणापर्यंत एकमेकींना चिकटून असतात. कोइमतूरचं करी मोटर स्पीडवे याहून लहान, २.१ किलोमीटरचं. तिथे रॉयल एनफील्डच्या ६५० सीसी कॉन्टिनेन्टल जीटीची रेसही २०२१ पासून बघायला मिळाली. बुलेटवाल्यांनी आवर्जून बघावी.

खान्देशाचं नशीब असं की चेन्नईला गाडी बदलावी लागत नाही. अहमदाबादहून येणारी नवजीवन एक्स्प्रेस नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ करत थेट चेन्नईला जाते. प्रवास दिवसभराचा नि रात्रभराचा आहे. स्लीपरचं तिकीट लवकर काढा, ही गाडी कायम भरलेली असते. सर्किट बेंगळुरू महामार्गावर शहरापासून साधारण चाळीस किलोमीटरवर आहे, तिथवर बस मिळते. शनिवारी सराव-पात्रता आणि काही रेसेस, रविवारी मुख्य रेसेस असा बहुधा क्रम असतो. शनिवार चुकवू नका. गर्दी कमी आणि गाड्या तेवढ्याच. पुण्याच्या स्पर्धांसाठी महाराष्ट्र एक्स्प्रेस आहेच, भुसावळ-जळगाव-चाळीसगावहून थेट.

पाचवी पायरी: सोबत काय, वागायचं कसं

ऊन आपल्याला नवीन नाही, धूळ आहे. मोठा रुमाल किंवा उपरणं, टोपी, चष्मा, बंद बूट. पाणी स्वतःचं न्या, मैदानावर महाग मिळतं आणि दुपारी संपतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी बांधून न्या, सायंकाळपर्यंत टिकतात. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात ते घ्या, लहान मुलं सोबत असतील तर नक्कीच. कापसाच्या बोळ्याने रेसिंग बाइकचा आवाज अडत नाही.

पॅडॉकमध्ये, म्हणजे रायडर-मेकॅनिकांच्या तंबूंच्या भागात, लहान स्पर्धांत सहसा जाऊ देतात. तिथे तीन गोष्टी पाळल्या की कोणी हाकलत नाही: सिगारेट नाही, गाडीला हात नाही, आणि रेसच्या आधी रायडरशी गप्पा नाहीत. रेस झाल्यावर हेल्मेट काढून बसलेल्या पोराला ‘दादा, त्या तिसऱ्या टेकाडावर गिअर कुठला होता?’ असं विचारा. सेल्फी मागणाऱ्याला तो दोन सेकंद देतो, असं विचारणाऱ्याशी अर्धा तास बोलतो.

आणि चटक लागलीच तर

रॅली आणि सर्किट चालवणाऱ्या क्लबांना मार्शल कायम कमी पडतात. झेंडे दाखवणं, वेळ नोंदवणं, लोकांना दोरीमागे ठेवणं, पडलेल्या रायडरपाशी आधी पोचणं ही कामं त्यांची. आयोजक आधी शिकवतात. कॉलेजची मुलं यात बरीच असतात. जेवण-नाश्ता आयोजकांकडून मिळतो, मानधन असलंच तर नाममात्र, आणि कुठल्याही तिकिटात मिळणार नाही इतकी जवळची जागा मिळते. नाव द्यायचं तर आयोजक क्लबला स्पर्धेच्या महिनाभर आधी कळवा. वय अठरा पूर्ण हवं, ओळखपत्र न्या, पहाटे चार-पाचला हजर राहायची तयारी ठेवा आणि आदल्या रात्रीचा मुक्काम तिथेच धरा. पहिल्या दिवशी बहुधा एखाद्या कच्च्या फाट्यावर शिट्टी देऊन उभं करतात, जिथे दिवसभरात चार म्हशी आणि दोन दूधवाले यांनाच अडवायचं असतं. ते नीट केलंत तर पुढच्या फेरीला चांगल्या वळणावर नेमणूक मिळते.